गोचिडांचा ताप आणि झाडपाल्याचे औषध

पावसाळा सुरू झाला की जनावरांच्या अंगावर गोचीड वाढू लागतात. ते रक्त पितात, कातडी खराब करतात, दूध घटवितात. एवढे नुकसान सर्वांच्या नजरेस येते. परंतु याहून मोठा धोका डोळ्यांस दिसत नाही. रक्त पिताना गोचीड आपल्या लाळेवाटे रोगजंतू जनावराच्या शरीरात सोडतात, आणि कर्ज काढून घेतलेली दुभती गाय काही दिवसांतच हातची जाते.

गोचिडांमुळे गुरांस ताप येतो, असे अमेरिकेतील पशुपालक पूर्वीपासून म्हणत असत. विद्वानांस मात्र ते पटत नव्हते. थिओबाल्ड स्मिथ व फ्रेडरिक किल्बोर्न यांनी प्रयोगांनी ते सिद्ध केले आणि १८९३ साली आपला वृत्तांत तेथील शेतीखात्याच्या पत्रिकेत प्रसिद्ध केला. डासांमुळे हिवताप पसरतो हे त्यानंतर उमगले.

आपल्याकडे असे तीन रोग मुख्य आहेत. थायलेरियासिस हा संकरित गाईंचा मोठा शत्रू होय. यात ताप १०४ ते १०६ अंशांपर्यंत चढतो, खांद्यापुढील व कानाखालील गाठी सुजतात, दूध एकाएकी आटते, जनावर धापा टाकते. देशी गुरे त्यास बरीच दाद देत नाहीत. संकरित वासरे मात्र लवकर बळी पडतात. बबेसियोसिसमध्ये लघवी कॉफीसारखी लाल-काळी होते. ॲनाप्लाज्मोसिसमध्ये डोळ्यांच्या व तोंडाच्या आतील त्वचा फिकी-पिवळी पडते, परंतु लघवी लाल होत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. एकाच जनावरास यांपैकी दोन रोग एकाच वेळी होऊ शकतात, आणि प्रत्येकाचे औषध निराळे आहे. थायलेरियासिसवर बुपार्वाक्वोन, बबेसियोसिसवर डिमिनाझिन, तर ॲनाप्लाज्मोसिसवर ऑक्सिटेट्रासायक्लिन देतात. लघवी स्वच्छ झाली म्हणून शेतकरी निश्चिंत होतो आणि ताप मात्र तसाच राहतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते. म्हणून कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासून घ्यावा. औषध टोचण्यापूर्वीच हा नमुना घेतलेला बरा. ग्रामसेवकांनी एवढी एक गोष्ट जरी गावात रुजविली तरी पुष्कळ जनावरे वाचतील.

आता झाडपाल्याविषयी. कडुनिंबाचा पाला व निंबोळ्या, लसूण, वेखंड, हळद, तुळस, घाणेरीचा पाला यांचा अर्क गोचिडांवर लावण्याची पद्धत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही प्रसृत केली आहे. अंगावरील गोचीड कमी करण्यासाठी ती अवश्य वापरावी; खर्च थोडा आहे. परंतु अंगावर लावलेला अर्क रक्तात शिरलेल्या जंतूंस मारीत नाही. ताप चढल्यावर काढे पाजण्यात व लेप लावण्यात दोन-तीन दिवस घालविणे म्हणजे औषधाची वेळच दवडणे होय. तंबाखूचे पाणी व रॉकेल तर जनावरांस लावूच नये. ते विषारी ठरते.

गोठ्याकडेही पाहावे. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली गळून पडते व भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली हजारो अंडी घालते. त्यामुळे नुसते जनावर धुऊन भागत नाही. भेगा बुजवाव्यात, चुना द्यावा, शेण व कुजका पेंढा दूर न्यावा. दगडी भिंतीच्या सांध्यांवर ज्योत फिरविल्यासही अंडी जळतात, मात्र जवळ गवत नसावे. गोचीडनाशक पशुवैद्याने सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे. संकरित वासरांसाठी थायलेरियासिसची लस निघालेली आहे. तिच्याविषयी दवाखान्यात चौकशी करावी.

गोचीड माणसांसही सोडीत नाहीत. कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये प्रथम आढळलेला माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गच्या परिसरात पसरला. काजूच्या बागांत राबणाऱ्यांस त्याची झळ बसली. त्यावर रामबाण औषध नाही. अमेरिकेत लाइम गावाच्या नावाने ओळखला जाणारा रोगही गोचिडांचाच; तेथेही एकाच चाव्यातून दोन रोग जडू शकतात. तो वेळीच दिलेल्या प्रतिजैविकाने बहुधा बरा होतो. वनस्पतींचे अर्क त्याची जागा घेतात असे सिद्ध झालेले नाही.

रानात मेलेले माकड दिसल्यास त्यास हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे. बागेत जाताना अंगभर कपडे घालावेत आणि परतल्यावर गरम पाण्याने व साबणाने अंघोळ करावी. अंगास चिकटलेला गोचीड बोटांनी चिरडू नये; चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा आणि ती जागा साबणाने धुवावी.