कोणत्या संयुगात कोणते बल वरचढ?

आंतररेण्वीय बल म्हणजे शेजारच्या रेणूंमधले आकर्षण. रेणूच्या आतला रासायनिक बंध वेगळा. पाणी उकळताना रेणू एकमेकांपासून सुटतात. हायड्रोजन-ऑक्सिजन बंध शाबूत राहतो.

• आयन आहेत का? हे आधी पाहावे. असतील तर आयनिक आकर्षणच प्रबळ. मीठ वितळते ८०१ अंश सेल्सिअसला.

• हायड्रोजन बंध: हायड्रोजन थेट नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरिनला जोडलेला हवा. रेणूत नुसता ऑक्सिजन असून भागत नाही. इथेनॉल आणि डायमिथाइल इथर यांचे रेणुसूत्र एकच. इथेनॉल उकळते ७८ अंशांना, इथर मात्र उणे २४ अंशांनाच, कारण त्यातला प्रत्येक हायड्रोजन कार्बनला जोडलेला असतो.

• द्विध्रुव आकर्षण: ध्रुवीय रेणूंमध्ये; उदा. ॲसिटोन. कार्बन डायऑक्साइडचे बंध ध्रुवीय, पण रेणू सरळ रेषेत व सममित, म्हणून एकूण द्विध्रुव शून्य.

• लंडन बल: सर्व रेणूंमध्ये असते. स्पष्टीकरण फ्रिट्झ लंडन यांचे, १९३०. इलेक्ट्रॉन जितके जास्त तितके बल मोठे. त्यामुळेच सामान्य तापमानाला क्लोरिन वायू, ब्रोमिन द्रव आणि आयोडिन स्थायू.

लंडन बल नेहमीच दुबळे, हा समज परीक्षेत हमखास गुण घालवतो. हायड्रोजन क्लोराइड हे हायड्रोजन आयोडाइडपेक्षा अधिक ध्रुवीय आहे. तरीही क्लोराइडचा उत्कलनबिंदू उणे ८५ अंश, तर आयोडाइडचा उणे ३५. इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या आयोडिनमुळे तिथे लंडन बलच वरचढ ठरते.