वजाबाकी कानातली

वर्धा जिल्ह्यात कापसाचा हंगाम भरात आला की हिंगणघाटसारख्या गावांतील जिनिंग कारखाने रात्रंदिवस धडधडू लागतात. आत शिरणाऱ्याला शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. पाळी संपवून घरी परतलेल्या कामगाराच्या कानात रात्री शिट्टी वाजत राहते, बोलणे दबल्यासारखे वाटते आणि सकाळी सारे पूर्ववत होते. लग्नाच्या वरातीत डीजेपुढे तासभर नाचून आलेल्या तरुणाचा अनुभवही असाच. 'झाले बरे' म्हणून दोघेही ते विसरून जातात.

हे 'झाले बरे' कितपत खरे, याचा शोध घेण्यात अमेरिकेतील बोस्टन येथील शास्त्रज्ञ चार्ल्स लिबरमन यांनी चार दशकांहून अधिक काळ वेचला. मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर रुग्णालयाच्या ईटन-पीबडी प्रयोगशाळेत त्यांचे काम चालले आणि पुढे अनेक वर्षे ते तिचे प्रमुखही होते.

आरंभी त्यांच्यापुढे एक साधी अडचण होती. श्रवणतंतूंचा अभ्यास मांजरांवर होई. पण त्या मांजरांचे कान आधीच गोंगाटाने बिघडलेले नसतील कशावरून? म्हणून त्यांनी शांत कक्षात वाढवलेली मांजरे निवडली. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून निरोगी कानाचे जणू प्रमाणमाप हाती आले. त्यात श्रवणतंतूंचे वेगवेगळे गट स्पष्ट दिसले. काही तंतू अगदी हलक्या आवाजालाही जागे होतात. काही मात्र आवाज मोठा झाल्यावरच प्रतिसाद देतात. हे दुसऱ्या प्रकारचे तंतू वरवर मंद वाटले, तरी गलबल्यात बोलणे वेगळे काढण्यासाठी त्यांचाच आधार असावा, असे पुढे मानले जाऊ लागले.

येथे कानाची रचना थोडी सांगणे आवश्यक आहे. अंतर्कर्णातील शंखाकृती नळीत ध्वनीची खबर मेंदूकडे धाडणाऱ्या रोमपेशी प्रत्येक कानात अवघ्या साडेतीन हजारांच्या आसपास असतात. प्रत्येक पेशीला अनेक श्रवणतंतू अतिसूक्ष्म सांध्यांनी जोडलेले असतात. गोंगाटाने प्रथम रोमपेशी मरतात आणि तंतू त्यानंतर, अशीच दीर्घकाळ समजूत होती.

लिबरमन आणि त्यांच्या सहकारी शेरॉन कुजावा यांनी 2009 साली ही समजूत उलटी केली. त्यांनी उंदरांना 100 डेसिबलचा आवाज फक्त दोन तास ऐकवला. ऐकण्याची क्षमता तात्पुरती घसरली आणि दोन आठवड्यांत सावरली. रोमपेशी शाबूत होत्या. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहता उच्च स्वरांच्या भागातील सुमारे निम्मे सांधे नाहीसे झालेले आढळले! ते परत आले नाहीत, आणि त्यांचे तंतू पुढील महिन्यांत हळूहळू मरत गेले. पुढे गिनीपिगवरील प्रयोगात असे दिसले की सर्वाधिक हानी त्या 'मंद' तंतूंचीच होते. पासबुकात शिल्लक जुळावी आणि मुद्दल मात्र आतून झिजत जावे, त्यातलाच हा प्रकार.

नेहमीच्या श्रवणचाचणीत ही झीज दिसत नाही. शांत खोलीत बारीक स्वर ऐकू आला की नाही, एवढेच ती विचारते. आणि त्यासाठी उरलेले तंतू पुरेसे असतात. अहवाल 'सामान्य' येतो. आणि घरातले आजोबा मात्र पंगतीच्या गलबल्यात, 'आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत', असे सांगत राहतात. 'यांना हवे तेवढेच बरोबर ऐकू येते' असा शेरा त्यांच्या वाट्याला येतो. त्यांच्या तक्रारीमागे अशी अदृश्य झीज असू शकते, हे या संशोधनाने निदान विचारात आणले. त्या शेऱ्याची भरपाई मात्र कोण करणार?

उंदरावरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हेही नमूद केले पाहिजे. 2016 साली लिबरमन यांच्या गटाने तरुण विद्यार्थ्यांची तपासणी केली, तेव्हा सतत मोठ्या आवाजात वावरणाऱ्यांना गोंगाटातील शब्द ओळखणे अधिक अवघड गेले. इतर काही अभ्यासांत मात्र असा संबंध आढळला नाही. मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी कानांत वयोमानाने तंतूंची मोठी हानी दिसली आहे. तिच्यात गोंगाटाचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. तुटलेले सांधे पुन्हा जोडणारे द्रव्य उंदरांच्या कानात यशस्वी ठरले. माणसासाठी असे सिद्ध औषध अद्याप नाही.

आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. निवासी भागासाठी 2000 सालच्या नियमांनी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ठरवून दिले. वरातीच्या ध्वनिक्षेपकाजवळचा आवाज 100 डेसिबल सहज ओलांडतो आणि त्याच्या अगदी पुढ्यात, वडिलांच्या खांद्यावर, बहुधा एखादे लहान मूल बसलेले असते. जिनिंगमधील कामगाराला फोमचे कर्णरोधक काही रुपयांत मिळतात. त्या मुलाच्या कानांवर निदान वडिलांचे हात तरी असावेत.