गाळ्यातील मांजर आणि श्रावकाची जबाबदारी

भुसार बाजारातील जुन्या आडतीत मांजर काही नवी नसते. पोत्यांच्या थप्पीमागे ती आडोसा शोधते, हमाल तिच्यासाठी दुधाची वाटी ठेवतात, दिवाणजींच्या गादीवर ती दुपारची झोप काढते. एके सकाळी थप्पीमागून बारीक आवाज येतो आणि चार पिल्ले दिसतात. पहिल्या खेपेस सर्वांना कौतुक वाटते. पुन्हा पुन्हा तसेच घडू लागले की कौतुक सरते, आणि कोणीतरी पिल्ले गोणपाटात घालून दूरच्या मंदिराजवळ किंवा पांजरपोळाच्या दाराशी सोडून येतो. ज्या घरी पाणी गाळून प्यायले जाते, त्याच घरच्या दुकानातून हे घडते.

सोडून दिलेल्या पिल्लांचे पुढे काय होते, हे पाहायला कोणी थांबत नाही. पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब टिकवता येत नाही. त्याला दर दोन-तीन तासांनी दूध लागते. आईने चाटल्याशिवाय त्याचे मलमूत्रविसर्जनही होत नाही. आईपासून तोडलेली अशी पिल्ले बहुधा भुकेने व थंडीने मरतात, किंवा कुत्र्यांच्या व वाहनांच्या तडाख्यात सापडतात. वाचलेली मादी चार ते सहा महिन्यांची होताच माजावर येऊ शकते. तिचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो आणि पिल्लांना पाजत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. हे चक्र थांबवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे निर्बीजीकरण.

परंतु जैन कुटुंबात येथेच एक गंभीर प्रश्न उभा राहतो: मुक्या जीवाच्या देहावर शस्त्र चालवणे अहिंसेत बसते काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत निर्लांछन कर्म गणले आहे, नाक टोचणे, डाग देणे, वृषणछेद करणे हे त्यात येते. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांतही छेद आहे. मात्र कर्मादाने ही मुख्यतः उपजीविकेच्या धंद्यांविषयी आहेत, आणि अतिचारांच्या मुळाशी ‘योगशास्त्रा’ने क्रोध सांगितला आहे. भूल देऊन, वेदना टाळून, पुढील जीवांचे हाल थांबावेत म्हणून केलेल्या उपचारात लोभ नसतो आणि क्रोधही नसतो. शिवाय त्याच पाच अतिचारांत अन्नपाननिरोधही आहे. पाजत्या आईपासून पिल्ले तोडून गोणीतून दूर सोडणे म्हणजे त्यांचे अन्नपाणी तोडणेच होय. छेदाची शंका घेणाऱ्याने या दुसऱ्या दोषाचाही हिशेब मांडला पाहिजे. ज्यांचे मन तरीही साशंक असेल, त्यांनी आपल्या गुरूंपुढे हे दोन्ही दोष ठेवून मार्गदर्शन घ्यावे. पण गोणी उचलणे त्याच दिवसापासून थांबवावे.

या विचारात वेळेला मोठे महत्त्व आहे. गाभण मांजरीची शस्त्रक्रिया केल्यास गर्भातील जीव जातात. म्हणून मादी प्रथम माजावर येण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेणे उत्तम. ती गाभण असल्यास तिला विऊ द्यावे आणि पिल्ले सुमारे आठ आठवड्यांची होऊन दूध सुटल्यावर शस्त्रक्रिया करावी. तोवर तिला बोक्यांपासून दूर, बंद जागेत ठेवावे. माज थांबवणाऱ्या गोळ्या-इंजेक्शने स्वस्त वाटतात. पण त्यांनी गर्भाशयात पू होण्याचा व स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

दुसरी अडचण खर्चाची. मादीचे पोट उघडून अंडाशय व गर्भाशय काढावे लागतात. त्यामुळे शहरातील खासगी दवाखान्यात काही हजार रुपये सहज लागतात. बोक्याची शस्त्रक्रिया सोपी व तुलनेने स्वस्त असते. घरच्या एका मांजरीचा खर्च कुटुंब सोसते. बाजारातील दहा मांजरी मात्र कोणाच्याच नसतात.

मार्ग आहेत. मुंबई महानगरपालिकेने २०१९ मध्ये भटक्या मांजरांच्या निर्बीजीकरणाचा उपक्रम हाती घेतला. २००१ चे केंद्रीय नियम नावानेच श्वानांपुरते होते. २०२३ चे नवे नियम ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम’ या व्यापक नावाने आले. इतर शहरांत स्थानिक पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे लेखी विचारणा करता येते. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर येथील शासकीय पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही चौकशी करावी. तेथील आकार खासगी दवाखान्यांपेक्षा सहसा कमी असतो. बाजार समितीतील व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन डॉक्टरांशी दहा-बारा मांजरांचा एकत्रित दर ठरवल्यास दर मांजरीमागे खर्च उतरतो. पर्युषणात जमणाऱ्या जीवदया निधीतून त्यासाठी थोडी रक्कम राखता येईल. पिंजऱ्यासाठी टेम्पो आणि विश्रांतीसाठी गोदामाचा शांत कोपरा व्यापाऱ्यांकडे असतोच.

पकडताना पिंजऱ्यात खाद्य ठेवावे आणि मांजर आत येताच पिंजरा कापडाने झाकावा. अंधारात ती शांत होते. शस्त्रक्रियेपूर्वी किती वेळ उपाशी ठेवायचे, हे डॉक्टरांनाच विचारावे. भटक्या मांजरीच्या कानाचे टोक भुलीतच किंचित कापतात. त्या खुणेमुळे तिच्यावर पुन्हा शस्त्र चालत नाही. नंतर तिला कोरड्या, उबदार जागी ठेवावे व जखमेवर लक्ष ठेवावे. माणसांचे पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. त्याची एक गोळीदेखील मांजरीचा जीव घेऊ शकते. बरी झाल्यावर तिला तिच्या ओळखीच्या जागीच सोडावे.

१८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पांजरपोळ उभारला. रस्त्यावरच्या बेवारस जीवांचे काय करायचे, या प्रश्नाला त्या व्यापाऱ्यांनी आपल्या तिजोरीतून उत्तर दिले होते. आज तोच प्रश्न थप्पीमागून बारीक आवाजात विचारला जात आहे. चोपडीच्या जीवदया खात्यात त्यासाठी एक ओळ वाढली, तर पुढच्या वर्षी गोणी उचलण्याची वेळ येणार नाही.