वेबपेज बनविण्याचा हुन्नर : फी भरण्याआधी एवढे शिका

दहावी-बारावीनंतर मुलाला कोणता कोर्स लावावा, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. ‘तीन महिन्यांत वेब डिझायनर, नोकरीची हमी’ अशी जाहिरात पाहून काही पालक हजारो रुपये भरून मोकळे होतात. या विद्येची पहिली पायरी घरी बसून, विनामूल्य चढता येते, हे आमच्या वाचकांनी आधी लक्षात घ्यावे.

तीन भाषा, तीन कामे

कोणतेही वेबपेज तीन भाषांच्या आधारे उभे राहते. दुकानाचे उदाहरण घेऊ. भिंती, कप्पे आणि पाट्या म्हणजे एचटीएमएल. रंगरंगोटी आणि मालाची मांडणी म्हणजे सीएसएस. गिऱ्हाइकाने विचारताच हिशेब करून सांगणारा माणूस म्हणजे जावास्क्रिप्ट.

एचटीएमएल टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत तयार केली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांसाठी खुले केले. सीएसएसची कल्पना हॉकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी लिहिली. तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार झाला होता. या भाषा वापरण्यासाठी कोणालाही रॉयल्टी द्यावी लागत नाही. जावा ही मात्र वेगळीच भाषा आहे. नावाच्या सारखेपणामुळे भलत्याच कोर्सला प्रवेश घेऊ नये.

सुरुवात कशी करावी?

साधा संगणक, ब्राउझर आणि नोटपॅड एवढे भांडवल पुरे. कापड दुकानाचे दरपत्रक हा पहिला धडा समजा. एचटीएमएलमध्ये मथळा, परिच्छेद आणि तक्ता लिहावा. अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचे वरच्या भागात नमूद करावे, नाहीतर मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसू शकतात. मग सीएसएसने रंग, अक्षरांचा आकार व मोकळी जागा ठरवावी. पान मोबाइलवर नीट दिसते की नाही, हे जरूर तपासावे. बहुतेक गिऱ्हाईक तेथूनच येते.

शेवटी जावास्क्रिप्टने बिलाची बेरीज करावी. येथे नवशिके हमखास अडखळतात. चौकटीत भरलेला आकडा संगणकाकडे मजकूर म्हणून येतो. त्यामुळे ५०० रुपयांच्या मालात ५० रुपये हमाली मिळवली, तर ५५० ऐवजी ५००५० असे उत्तर येते! मजकुराचे आधी संख्येत रूपांतर करावे लागते. तसेच ही बेरीज गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये होते आणि जाणकार माणूस ती बदलू शकतो. म्हणून पैसे घेताना दराची अंतिम तपासणी सर्व्हरवरच झाली पाहिजे.

एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प येथे हे सर्व धडे विनामूल्य मिळतात. सरावाची पाने गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतात.

व्यापाऱ्यांसाठी दोन शब्द

वेबसाइट दुसऱ्याकडून करून घ्यायची असली, तरी डोमेन नाव स्वतःच्याच नावावर नोंदवावे व पासवर्ड आपल्याकडे ठेवावा. कारागिराशी बिनसले आणि नाव त्याच्या ताब्यात असले, तर वर्षानुवर्षे कमावलेला पत्ता हातचा जातो.

एवढ्या शिक्षणावर लगेच मोठी नोकरी मिळेल, असे आम्ही म्हणणार नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही मागाल तसे पान लिहून देतात. परंतु ते बरोबर आहे की चूक, हे ओळखायला पाया पक्का लागतो. रोज एक तास देऊन दोन महिन्यांत तीन पाने स्वतःच्या हाताने तयार करावीत. एवढे करूनही गोडी टिकली, तरच फी भरण्याचा विचार करावा. वर्गचालकाला कोणते प्रश्न विचारायचे, हेही तोवर कळू लागेल.