पूर्ण झालेले पाच रुग्ण

बीडमध्ये मी दाताला तारा लावतो. पाटीवर ‘ऑर्थोडॉन्टिस्ट’ असे लिहिले आहे. रिक्षावाल्याला मात्र ‘तारवाला डॉक्टर’ म्हटले की पुरते. या तारवाल्याला विशेषज्ञ कोण ठरवते, कशावरून ठरवते, हे सहसा कोणी विचारत नाही. पण त्या परीक्षेचा आमच्या जिल्ह्यातल्या मुलांच्या तोंडाशी थेट संबंध आहे.

बीडीएसनंतर एमडीएसची तीन वर्षे. डेंटल कौन्सिलच्या २०१७ च्या नियमावलीत पहिल्या वर्षाअखेर मूलभूत शास्त्रांची एक प्रश्नपत्रिका आहे आणि तिसऱ्या वर्षाअखेर शंभर-शंभर गुणांच्या तीन. आमच्या भागातल्या विद्यार्थ्यांची ही परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. लेखीविषयी फार सांगण्यासारखे नाही. जबड्याची वाढ, हाडातून दात सरकतो कसा, अँगलने १८९९ मध्ये केलेले वर्गीकरण. पाठांतर असेल तर निभते.

खरी कसोटी प्रात्यक्षिकात. त्याला दोनशे गुण, तोंडी परीक्षेला शंभर. परीक्षकांसमोर तार वाकवायची, रुग्णाच्या दातांचे माप घेऊन उपकरण तयार करायचे. शिवाय स्वतः उपचार केलेले किमान पाच रुग्ण मांडायचे. म्हणजे त्यांचे आधीचे आणि नंतरचे प्लास्टरचे साचे, छायाचित्रे, डोक्याचे बाजूने काढलेले एक्स-रे. परीक्षक एक साचा उचलतात आणि विचारतात, “हा दात का काढलात?” इथे पाठांतर चालत नाही. आपलेच जुने निर्णय टेबलावर पडलेले असतात.

पेच इथेच आहे. तारेचा उपचार दीड-दोन वर्षे, कधी त्याहून जास्त चालतो आणि रुग्णाला साधारण महिन्याला यावे लागते. विद्यार्थ्याच्या हाती मात्र तीनच वर्षे. मी शिकत असताना शिरूर कासारकडची तेरा वर्षांची एक मुलगी आली होती. वरचे दात पुढे, वाढीचे वय, परीक्षेत मांडायला अगदी हवी तशी. वडील म्हणाले, “दिवाळी झाली की टोळी निघती, सायेब. पट्टा पडल्यावर आणतो की.” पट्टा पडणार उन्हाळ्याच्या तोंडावर. आमच्या सरांनी नुसती मान हलवली. मी तिच्याऐवजी शहरातल्या एका मास्तरांचा मुलगा घेतला. तो दर महिन्याला आला. त्याच्या साच्यांवर मी पास झालो.

अमेरिकेतले ऑर्थोडॉन्टिक्सचे बोर्ड १९२९ चे. तिथेही कित्येक दशके उमेदवार स्वतःचे पूर्ण झालेले रुग्ण दाखवत. २०१९ पासून बोर्डाने ती पद्धत बदलली. आता उमेदवारापुढे अनोळखी रुग्णांची कागदपत्रे ठेवतात आणि निदान काय, काय करशील, का, असे विचारतात. उमेदवाराने निवडून आणलेल्या रुग्णांचा प्रश्नच उरला नाही. आपल्याकडे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीने उभारलेले इंडियन बोर्ड ऑफ ऑर्थोडॉन्टिक्स आहे; पण त्याचे प्रमाणपत्र ऐच्छिक. व्यवसायाला एमडीएस पुरते.

अमेरिकेचा बदल जसाच्या तसा उचलावा, असे मला वाटत नाही. कागदावरचा रुग्ण दोन वर्षांनी तक्रार घेऊन परत येत नाही. पण पाचांपैकी एक रुग्ण मध्येच खंड पडलेला का चालू नये? सहा महिने गायब होणाऱ्या मुलाचे दात तुम्ही कसे सांभाळलेत, हा तोंडी परीक्षेत विचारण्याजोगा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुस्तकापेक्षा बीड-पाटोद्यात लवकर सापडेल: निघण्यापूर्वी ओढणारे रबर आणि स्प्रिंगा काढायच्या, दातांवर जोर न देणारी जाड तार घालायची, सगळे दात एकत्र बांधून आहेत तिथेच धरून ठेवायचे. ब्रशही द्यायचा, कारण फडावर तो मिळेलच असे नाही.

दसऱ्यापासून माझ्याकडे हेच काम चालते. वसुबारसेपर्यंत खुर्ची रिकामी नसते.