तेंदूपत्त्याचा भाव : काय छापावे, काय राखावे

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता जेथे गोदावरीला मिळते तेथे, सिरोंचा वसले आहे. नदीपलीकडे तेलंगणा, पूर्वेला इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड आणि जिल्ह्याचे ठिकाण मात्र दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर. या तालुक्याची ख्याती सागवानासाठी आहे. तथापि सामान्य कुटुंबाच्या हाती उन्हाळ्यात जो रोख पैसा येतो तो सागवानाचा नव्हे, तेंदूच्या पानाचा. या दोन वनोपजांच्या विक्रीत एक मूलभूत फरक आहे. आगारात पडलेल्या सागाच्या ओंडक्यावर क्रमांक असतो, माप असते. घेणारा तो डोळ्यांनी पाहून बोली बोलतो. तेंदूचा सौदा मात्र पान झुडपावर यायच्या आधीच होऊ शकतो. तेथे माल दिसत नाही. दिसते ती केवळ माहिती. साहजिकच ज्याच्याजवळ माहिती अधिक, त्याचा हात वर.

ही माहिती आज विषम वाटली गेली आहे. १९६९ च्या महाराष्ट्र गौण वनोत्पादन (व्यापाराचे विनियमन) अधिनियमाने तेंदूचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आणला. पुढे १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी चित्र पालटले. वनहक्क कायद्याने तेंदू व बांबू यांचा गौण वनोपजात स्पष्ट समावेश केला आणि त्यांच्या विल्हेवाटीचा हक्क गावाकडे आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार प्रत्यक्षात आणला. हे उदाहरण सर्वश्रुत आहे. हक्क आला, परंतु हक्काबरोबर बाजाराचे ज्ञान आपोआप येत नाही. कंत्राटदार एकाच हंगामात अनेक गावांशी बोलतो. गाव मात्र फार तर दोनचार कंत्राटदारांशी बोलते. शेजारच्या गावाला काय भाव मिळाला हे कळेपर्यंत स्वतःचा करार होऊन गेलेला असतो.

यास्तव ग्रामसभांचे स्वतःचे एक व्यापारपत्रक असावे, हा विचार सहज सुचणारा आहे. हंगामात कोणत्या गावाचा माल कोणत्या भावाने गेला, पैसे केव्हा मिळाले, कोणी थकविले, हे सांगणारे साधे दोन पानांचे पत्रक. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी महाग्रामसभा उभारून एकत्र येण्याचा मार्ग दाखविला आहेच. प्रश्न पत्रक काढण्याचा नाही. त्यात काय छापावे आणि काय राखून ठेवावे, हा आहे. ‘सगळेच उघड करा’ हे उत्तर जितके आकर्षक तितकेच अपुरे आहे.

उघडेपणाचे दोन परिणाम

अर्थशास्त्रात या प्रश्नावर परस्परविरोधी वाटणारा पुरावा आहे. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल दूरध्वनी पोहोचला. तोवर तारलीची होडी ज्या बंदराला लागेल तेथील भाव कोळ्याला मुकाट्याने स्वीकारावा लागे; एका बंदरात मासळी फेकून दिली जाई आणि थोड्या अंतरावरील दुसऱ्या बंदरात ती मिळत नसे. भाव समुद्रावरूनच कळू लागताच ही नासाडी जवळजवळ थांबली. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ मधील अभ्यासानुसार कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला पडणारा भाव ४ टक्क्यांनी उतरला. विकणारा आणि घेणारा दोघेही लाभात राहिले.

याउलट डेन्मार्कमध्ये घडले. तेथील स्पर्धा प्राधिकरणाने १९९३ पासून तयार काँक्रीटचे प्रत्यक्ष विक्रीचे भाव कंपनीनिहाय प्रसिद्ध करावयास आरंभ केला. ग्राहकाला माहिती मिळेल, कंपन्यांत चुरस लागेल आणि भाव उतरतील, ही अपेक्षा. वर्षभरातच भाव १५ ते २० टक्क्यांनी चढले. कारण उघड होते. उत्पादक मूठभर होते. कोण गुपचूप सवलत देतो हे आता प्रत्येकाला सरकारी खर्चाने कळू लागले आणि सवलत देण्यातला लाभच नाहीसा झाला.

जॉर्ज स्टिगलर यांनी १९६४ मध्येच याचे तर्कशास्त्र मांडले होते. संगनमताचा खरा शत्रू म्हणजे संगनमतातील फुटीर. तो पकडला जाण्याची सोय जितकी चांगली, तितके संगनमत टिकाऊ. म्हणूनच मोहोरबंद निविदा जाहीरपणे, प्रत्येकाच्या नावासह व आकड्यासह उघडण्याची पद्धत फुटीर शोधण्याला आदर्श ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. आपण जिला पारदर्शकतेची कसोटी मानतो तीच पद्धत संगनमत करणाऱ्यांचा पहारेकरी होऊ शकते!

केरळ आणि डेन्मार्क यांतील विरोध वरवरचा आहे. केरळात होड्याही पुष्कळ आणि घेणारेही पुष्कळ. काँक्रीटमध्ये विकणारे थोडे. माहिती ज्या बाजूला माणसे विखुरलेली आहेत त्या बाजूला पोहोचली तर ती बळ देते. ज्या बाजूला मोजकी माणसे आहेत तेथे पोहोचली तर त्यांची एकी घट्ट करते. तेंदूच्या बाजारात विकणारी गावे अनेक आणि घेणारे मोजके. तेव्हा गावांना गावांचे भाव कळावेत, परंतु एका कंत्राटदाराला दुसऱ्याची हरलेली बोली नावानिशी कळू नये, हा पहिला निष्कर्ष निघतो.

लाकूड व्यापाऱ्यांचे पत्रक

व्यापारपत्रकाचाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि त्यांतील दोन प्रकरणांत विषय लाकडाचा होता. कठीण लाकडाच्या उत्पादकांच्या संघाने एक योजना आखली. तीत ३६५ सभासद होते आणि देशातील अशा लाकडाच्या उत्पादनाचा सुमारे एकतृतीयांश भाग त्यांच्या हाती होता. प्रत्येकाने आपली दररोजची विक्री, साठा, भावपत्रक संघाला कळवावयाचे आणि संघाने त्याचे संकलन करून सभासदांना पाठवावयाचे. सोबत संघाचा सांख्यिकी व्यवस्थापक पत्रे लिही. त्यांत उत्पादन आवरते घेण्याचा उपदेश असे. हे सर्व सभासदांपुरते. ग्राहकाला त्यातील काहीच दिसत नसे. १९२१ मध्ये न्यायालयाने ही योजना बेकायदा ठरविली. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी मात्र असहमती नोंदविली. विखुरलेल्या लहान उत्पादकांना माहितीवाचून अंधारात स्पर्धा करावयास लावणे म्हणजे बड्यांनाच मदत करणे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

चार वर्षांनी, १९२५ मध्ये, मेपल लाकडाच्या फरशा करणाऱ्यांच्या संघाचे प्रकरण आले. त्यांचे पत्रकही भाव आणि साठा सांगत असे. पण होऊन गेलेल्या व्यवहारांचे, कोणाचा व्यवहार कोणता हे उघड न करता, आणि ते आकडे बाहेरच्यांनाही उपलब्ध असत. न्यायालयाने ते वैध मानले. दोन निकालांमधील रेषा स्पष्ट आहे. गेलेल्या हंगामाचे सांगा, येणाऱ्याचा बेत सांगू नका. बाजार दाखवा, व्यक्ती दाखवू नका. आणि जे छापाल ते सर्वांसमोर छापा.

हा प्रश्न परदेशाचाच आहे असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, आवारपूर, उपरवाही, गडचांदूर येथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. २०१२ साली भारतीय स्पर्धा आयोगाने ११ सिमेंट कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत या जिल्ह्यात कारखाने असलेल्या कंपन्याही होत्या. कंपन्यांनी आरोप नाकारले. अपील न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये तो आदेश रद्द करून प्रकरण परत पाठविले, आयोगाने २०१६ मध्ये पुन्हा दंड केला, २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. या वादात उत्पादक संघटनेमार्फत फिरणारी भावांची व उत्पादनाची आकडेवारी हा एक प्रमुख मुद्दा होता. २०१२ च्या आदेशाने तर संघटनेला सभासद कंपन्यांकडून भाव गोळा करण्यापासून दूर राहावयास सांगितले होते. संघटनेचे पत्रक ही निरुपद्रवी वस्तू नव्हे, एवढा बोध त्यातून घ्यावयास हवा.

गुप्ततेला मुदत हवी

आता सिरोंचाकडे वळावे. ग्रामसभांच्या पत्रकात पहिले स्थान पूर्ण झालेल्या व्यवहाराला असावे. नुसता भाव मात्र फसवा असतो. १०० पुड्यांमागे तोडणीची मजुरी किती आणि ग्रामसभेची रॉयल्टी किती, हे वेगळे दाखविले पाहिजे. अनामत रक्कम किती, हप्ते किती आणि प्रत्यक्ष रक्कम कोणत्या महिन्यात हाती पडली, हेही हवे. चढा भाव लिहून दिवाळीपर्यंत पैसे थकविणारा करार हा उतरत्या पण रोख भावापेक्षा वाईट असू शकतो. पत्रकाने हा फरक दाखविला नाही तर ते अज्ञानच वाटत राहील.

दुसरे, निविदा उघडेपर्यंत ग्रामसभेचा किमान अपेक्षित भाव छापू नये. हा भाव बाहेर फुटला की कोणी त्याहून वर जाण्याचे कारणच उरत नाही. तेंदूचा हंगाम काही आठवड्यांचा; पान कोवळे असतानाच तोडावे लागते, ७० पानांचे पुडे बांधून उन्हात वाळवावे लागते आणि अवकाळी पाऊस आला तर माल डागाळतो. घेणारा थांबू शकतो, पान थांबत नाही. अशा बाजारात कोणत्या गावाला पैशाची किती निकड आहे हे जाहीर करणे म्हणजे त्या गावाचा भाव पाडणे होय.

तिसरे, घराघराचे तपशील. कोणत्या कुटुंबाने किती पुडे दिले, बँकेत किती जमा झाले, याचे वाचन ग्रामसभेत अवश्य व्हावे. ते तालुकाभर छापण्याचे प्रयोजन नाही. रोकड कोणत्या दिवशी कोणत्या गावात पोहोचणार हे तर मुळीच छापू नये. तेंदूच्या पैशावर हिंसेच्या आधारे हक्क सांगणाऱ्यांचा अनुभव या जंगलाने घेतला आहे. तेथे एक ओळ माणसाच्या जिवावर बेतू शकते.

चौथे, तक्रारदाराचे नाव. संकलन केंद्रावर पुडे कमी मोजले जातात असे एखादी मजूर स्त्री सांगेल, तर तिचे नाव राखणे हे संपादकाचे कर्तव्य. परंतु नाव राखण्याचा मोबदला म्हणून पडताळणी दुप्पट कठोर हवी, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे म्हणणे त्याच अंकात यावयास हवे. थकबाकीदार कंत्राटदाराचे नाव छापतानाही हाच नियम असावा.

येथे एक आक्षेप संभवतो. हे सारे राखून ठेवण्याचे नियम गावातील चार वजनदार माणसांच्याच उपयोगी पडणार नाहीत काय? ‘गोपनीय’ हा शिक्का मारून ते कंत्राटदाराशी अंतस्थ तडजोड करतील आणि गावाला पत्ता लागणार नाही. आक्षेप रास्त आहे. माहितीचा अधिकार अधिनियमाने २००५ मध्ये व्यापारी गुपिताला संरक्षण दिले, पण व्यापक लोकहित अधिक असेल तर ते बाजूला सारण्याची तरतूदही त्याच कलमात ठेवली. म्हणजे गुप्तता हा स्वयंसिद्ध हक्क नव्हे. तिला कारण द्यावे लागते.

त्यावर उपाय असा, की प्रत्येक गुप्त गोष्टीला तीन खुणा असाव्यात. ती कोणाच्या हितासाठी राखली आहे, राखण्याचा निर्णय कोणी घेतला आणि ती कोणत्या दिवशी उघडी होणार. किमान अपेक्षित भाव निविदा उघडताच ग्रामसभेत वाचला जावा. हरलेल्या बोली, बोली लावणाऱ्यांची नावे वगळून, हंगाम संपल्यावर छापाव्यात. करारनामा आणि जमाखर्च तर गावच्या सभासदाला पहिल्या दिवसापासून खुले असावेत. त्यांना व्यापारी गुपित म्हणताच येत नाही, कारण माल ज्याचा आहे त्याच्यापासूनच तो लपविला जात असतो. ज्या गुपिताला मुदत नाही ते व्यापाराचे नव्हे, व्यवहार झाकण्याचे गुपित समजावे. मजुराचे बँक खाते आणि तक्रारदाराचे नाव एवढेच याला अपवाद.

पत्रकाचा खर्च कोणी करावा, हाही दुय्यम मुद्दा नाही. कंत्राटदारांच्या जाहिरातींवर चालणारे पत्रक थकबाकीदाराचे नाव छापील, ही अपेक्षा भोळेपणाची ठरेल. प्रत्येक ग्रामसभेने रॉयल्टीतील अल्पसा वाटा दिला तर दोन पानांचा कागद सहज निघेल. संपादकाचा तेंदूच्या व्यापाराशी आर्थिक संबंध नसावा. तालुक्यातील एखादा निवृत्त शिक्षक वा पदवीधर तरुण हे काम करू शकेल. सिरोंचात मराठीबरोबर तेलुगू घरोघर बोलली जाते, आणि गोंडी, माडिया बोलणारी गावे आहेत. तेव्हा पत्रक छापून भागणार नाही. ते ग्रामसभेत त्या त्या भाषेत वाचले गेले पाहिजे. कंत्राटदार ते वाचणारच, हे गृहीत धरूनच प्रत्येक ओळ लिहावी.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळावा लागेल. ‘अमुक भावाखाली कोणी विकू नये’ असा उपदेश पत्रकाने करू नये. १९२१ च्या प्रकरणात योजनेला भोवला तो नुसता आकडा नव्हे, आकड्याबरोबर आलेला उपदेशही. एकत्र विकावयाचे असेल तर ग्रामसभांनी महाग्रामसभेत उघड ठराव करून विकावे. पत्रकाने फक्त काय घडले ते सांगावे. हंगाम संपल्यावर पहिला अंक निघू शकतो आणि काय छापावयाचे, काय केव्हापर्यंत राखावयाचे, याची यादी पुढील निविदा निघण्यापूर्वी प्रत्येक ग्रामसभेने मंजूर केली पाहिजे. ही यादी संपादकाने ठरवावयाची नाही, तालुक्याच्या पुढाऱ्याने तर नाहीच. पान ज्यांनी तोडले त्यांनीच ती ठरवावयाची आहे.