तळपायाचा काळा डाग आणि एकाच स्लाइडवरची दोन मतं

मेलानोमा म्हटलं की पाठ्यपुस्तकात उन्हाने पोळलेल्या गोऱ्या कातडीचे फोटो असतात. भारतात हा कर्करोग कमी आढळतो, पण आढळतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. जळगाव-धुळ्याकडे वावरात अनवाणी राबणारा माणूस असा डाग कुरूप समजून सोडून देऊ शकतो. म्हणून आपल्या भागात हा विषय घेणाऱ्याने तळपायाची त्वचा आधी समजून घ्यायला हवी.

धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय असो की जळगावचं शासकीय, तुकड्याचा प्रवास सारखाच: फॉर्मेलिन, मेणाचा ठोकळा, चार-पाच मायक्रॉनचा काप, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा रंग. मग आधी कमी पॉवरवर पाहतात. डाग दोन्ही बाजूंनी सारखा आहे का? कडा स्पष्ट संपते का? नंतर जास्त पॉवरवर रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, पाहतात. साध्या तिळात या पेशी खोल जाताना लहान होत जातात. मेलानोमात बहुधा होत नाहीत. खोलवर विभाजन पावणाऱ्या पेशी दिसल्या, केंद्रकं मोठी-वेडीवाकडी असली, पेशी सुट्या सुट्या एपिडर्मिसच्या वरच्या थरांत चढलेल्या असल्या, की संशय वाढतो.

आता गंमत बघा. पेशी वर चढणं हे मेलानोमाचं महत्त्वाचं लक्षण. पण तळपायाच्या निरुपद्रवी तिळातही ते थोडंफार दिसू शकतं. शिवाय तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात. काप त्या रेघांना काटकोनात घेतला तर तिळाची रचना नीट कळते. रेघांच्या दिशेने घेतला तर साधा तीळही भयंकर वाटू शकतो. म्हणून फॉर्मवर नुसतं ‘त्वचा’ लिहून भागत नाही, जागा लिहावीच लागते. चूक दोन्हीकडून महाग पडते: एकीकडे विनाकारण कापलेलं बोट, दुसरीकडे सुटलेला कर्करोग.

हे फक्त नवख्यांचं होतं असं समजू नका. २०१७ साली ‘बीएमजे’ मध्ये अमेरिकेतल्या १८७ पॅथॉलॉजिस्टांचा अभ्यास आला. अगदी साध्या तिळांबाबत ९२ टक्के निदानं तज्ज्ञांच्या एकमताशी जुळली. मधल्या, संदिग्ध गटांत मात्र निम्मीही जुळली नाहीत. काही महिन्यांनी तीच स्लाइड पुन्हा दिल्यावर काहींनी स्वतःचंच मत बदललं.

तुमच्या संशोधनासाठी याचा अर्थ सरळ आहे. संगणकाला शिकवायला तुम्ही हजार स्लाइड गोळा कराल, प्रत्येकीवर ‘मेलानोमा’ किंवा ‘तीळ’ अशी चिठ्ठी लावाल. पण ती चिठ्ठी कोणाचं तरी मत असते. एकाच डॉक्टरचं मत ‘सत्य’ धरलं, तर मॉडेल त्या डॉक्टरच्या सवयी शिकेल.

मग करायचं काय? किमान दोघा-तिघांकडून, एकमेकांचं न बघता, वाचन घ्या. सहमती कॅप्पाने मोजा आणि ती प्रबंधात छापा. मतभेदाच्या स्लाइड फेकू नका. अवघड केस तिथेच असतात. डागाची जागा आणि कापाची दिशा नोंदवा. रंगद्रव्य दाट असेल तर इम्युनोचा तपकिरी रंग मेलॅनिनमध्ये हरवतो. तिथे लाल रंग वापरलाय का, तेही लिहा.

हे रकाने डेटा गोळा करण्याआधीच आखा. नंतर जुन्या फायलींत ही माहिती सापडेलच असं नाही.